मोठ्या वाऱ्याची रात्र

लेकीने आयरिश मुलाशी लग्न ठरवले तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला, ‘कुळ कोणते?’ निघाला तो थट्टेतच. पण डब्लिनला गेल्यावर पाहते तो काय, खुद्द विहीणबाईच या प्रश्नाच्या मागे लागलेल्या! पंचाहत्तरी उलटलेली बाई. नातीला सांगता यावे म्हणून आपल्या पणजीचा माग काढीत होती.

घरात चालत आलेली गोष्ट अशी, की पणजी जन्मली ती ‘मोठ्या वाऱ्या’च्या रात्री. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ लोटले. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली’ म्हणत, तशी तिकडे त्या रात्रीवरून वये मोजली जात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला उपाध्याय वही उघडतात आणि आपल्या पिढ्या धडाधड वाचून दाखवतात. विहीणबाईंनी मला लिफी नदीकाठची फोर कोर्ट्‌सची घुमटाची इमारत दाखवली. यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी, येथील दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांची बहुतेक पाने त्यात गेली. पुढच्या चार तर सरकारनेच नष्ट केलेल्या. जुन्यांपैकी सबंध उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या.

रात्री जावयाच्या संगणकावर दोन्ही पाहिल्या. १९०१ : विधवा, जन्म मेयो परगण्यात, लिहिता-वाचता येत नाही, वय ५२. १९११ : वय ७२! दहा वर्षांत बाई वीस वर्षांनी वाढलेली.

उलगडा जावयाने केला. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद तर १८६४ पासूनची. तेव्हा म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला? मोठा वारा हाच अनेकांचा पुरावा.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. पुढे गावच्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्माही सापडला : मार्च १८४९.

“पाच शिलिंगांसाठी पणजी खोटं बोलली हो,” त्या म्हणाल्या. आणि मग त्या साल पुन्हा पाहत राहिल्या. १८४९. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून जो दुष्काळ चालला होता, त्याच्या ऐन मध्यातले. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली.

दोघी आगगाडीने वेस्टपोर्टला गेलो. क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी, मरिस्कला, १९९७ साली उभारलेले दुष्काळाचे स्मारक आहे : ब्राँझचे गलबत, त्याच्या दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे. आसपासच्या उतारांवर बटाट्याचे जुने वाफे गवताखाली अजून उमटलेले दिसतात. ज्यांनी ते घातले, त्यांच्या मागे पुष्कळ ठिकाणी कुणीच उरले नाही.

वारा सुटला होता. विहीणबाईंनी माझा हात धरला.

“घरात वादळ सांगितलं, दुष्काळ कधी कुणी सांगितला नाही,” त्या म्हणाल्या. “आता नातीला काय सांगू?”

माझी आजी प्लेगच्या सालची. त्या साली घरातली किती माणसे गेली, हे तिनेही कधी सांगितले नव्हते. आणि मीही विचारले नव्हते.

“दोन्ही सांगा,” मी म्हटले. “अशा साली जन्मून ती जगली. वर दहा वर्षांचं व्याज घेतलं, एवढंच!”

विहीणबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.