आजीचा आनंद ही चळवळीची कमाई आहे

आपल्या भाषणांत आणि लेखांत आजी दोनच रूपांत येते. एक रूप सोसणाऱ्या बाईचं. फाटकं लुगडं, डोक्यावर पाटी, हातापायाला भेगा. दुसरं रूप लढणाऱ्या बाईचं. पोराला पाठीशी बांधून बाबासाहेबांच्या सभेला पायी गेलेली, मोर्चात पुढे राहिलेली. दोन्ही रूपं खरी आहेत आणि दोन्ही सांगितलीच पाहिजेत. पण या दोन्ही रूपांतली आजी कधी हसताना दिसत नाही. तिला काय आवडतं, ती कशासाठी पहाटे उठते, सणाच्या दिवशी तिच्या मनात काय असतं, हे आपण लिहीत नाही. प्रस्थापित साहित्याला आपल्याकडून फक्त वेदना हवी असते, हे एक कारण. दुसरं कारण आपल्यातच आहे. आनंदाबद्दल लिहिलं तर संघर्षाची धार बोथट होईल, अशी धास्ती आपल्याला वाटते.

मला इथे उलट मांडायचं आहे. आपल्या आजीचा साधा, रोजचा आनंद हा धम्मक्रांतीचा ठोस पुरावा आहे, आणि तो न समजता आपण जी चळवळ करू ती कोरडी राहील.

माझी आजी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या एका खेड्यात राहते. वय ऐंशीच्या पुढे. घरात मोठेबाबा, मोठीआई, त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची पणती. आजीचा आवडता काळ म्हणजे भाद्रपदाच्या शेवटापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा. पाऊस ओसरतो, आभाळ निवळतं, दुपारचं ऊन चटका देतं आणि पहाटे गोधडी पायावर ओढून घ्यावी लागते. अंगणातला झेंडू फुलतो. तो तिने स्वतः लावलेला असतो आणि कोणी विचारल्याशिवाय तोडला तर ती दिवसभर बोलत नाही. बाजारातून सीताफळं आली की ती एकेक फळ अंगठ्याने दाबून बघते आणि हे उद्याचं, हे परवाचं असं ठरवून ज्वारीच्या कोठीत ठेवते. पणतीला कोठीला हात लावायची मनाई असते, पण पिकलेलं पहिलं फळ तिलाच मिळतं. शिंगाडे उकडले की दोघी मिळून सोलतात आणि आजी सोलते त्यापेक्षा पणती खाते जास्त. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पांढरं लुगडं नीळ घालून धुतलं जातं. ते वाळत टाकलं की दोरीजवळून कोंबडी गेलेलीही तिला चालत नाही. वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. तिथे तिची भिंतीजवळची जागा ठरलेली आहे.

एवढंच. यात सांगण्यासारखं काय, असं एखाद्या कार्यकर्त्याला वाटेल. सांगण्यासारखं हे की यातली एकही गोष्ट तिला आयती मिळालेली नाही.

हाच काळ तिच्या लहानपणी कसा होता ते ती सांगते. कापूस फुटला की सूर्य उगवायच्या आधी दुसऱ्याच्या शेतात जायचं. कमरेला ओटी बांधायची आणि बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटेपर्यंत वेचायचं. मजुरी वजनावर, आणि काटा मालकाच्या हातात. पाणी मागितलं तर बांधावर बसून ओंजळ धरायची, वरून कोणीतरी ओतणार. आज ती अंगणातल्या नळाला पाइप लावून झेंडूला पाणी घालते तेव्हा गरजेपेक्षा जरा जास्तच घालते. सून ओरडते. आजी म्हणते, “घालू दे वं. लय दिस मोजून पेली आहो मी.” हे वाक्य ज्याला कळलं त्याला महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी काय घडलं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आजी बारा-तेरा वर्षांची होती. ती गेली नव्हती. घरी लहान भावंडं होती, कोणीतरी थांबायला हवं होतं. तिचे आईवडील गेले आणि परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजीला त्या दिवशी भीती वाटली होती. रात्री झोप आली नाही, आता काहीतरी होणार असं वाटत राहिलं. सकाळ झाली, काही झालं नाही. “मंग मले भूक लागली,” असं ती सांगते आणि हसते. भीती गेल्यावर लागलेली ती भूक मला फार मोलाची वाटते.

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. पितर जेवू घालायचे म्हणून तिच्या आजीने उसनवारी केलेली तिला आठवते. जिवंत माणसं अर्धपोटी आणि मेलेल्यांसाठी कर्ज. बावीस प्रतिज्ञांमधली सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते. आपण ती प्रतिज्ञा तत्त्व म्हणून पाठ करतो. आजीच्या घरात ती हिशेब म्हणून उतरली. माझे आजोबा याच दिवसांत गेले. त्यांच्या स्मृतिदिनी आजी गावच्या शाळेतल्या पोरांना वह्या देते. वह्यांवर नाव घालत नाही. पोरं वही उघडून नव्या कागदाचा वास घेतात, ते बघायला ती स्वतः शाळेत जाते. तिच्यासाठी आजोबांची आठवण म्हणजे तो वास.

नवरात्रात तिच्या आईच्या अंगात यायचं. त्या दिवसांत लोक तिच्या पाया पडत आणि नंतर वर्षभर तीच बाई वाड्याच्या दारात उभी राहायची. दीक्षेनंतर अंगात येणं बंद झालं. मी एकदा आजीला विचारलं, ते खोटं होतं का? ती म्हणाली, “खोटं कायचं? बाईले ओरडाले दुसरी जागाच नव्हती.” आमच्या विहाराच्या सभेत आजी आता उभी राहून बोलते. पाण्याच्या टाकीबद्दल बोलते, दारूच्या दुकानाबद्दल बोलते, कधी कधी विहाराच्या हिशेबाबद्दल असं बोलते की समितीचे लोक खाली बघतात. तिला अंगात यावं लागत नाही. धर्मांतराने बाईला काय दिलं यावर प्रबंध लिहिले जातील. मला हे एक उदाहरण पुरतं.

आता श्रद्धेबद्दल. आपल्यातले शिकलेले तरुण विहारातल्या बायांवर एक आक्षेप घेतात: मेणबत्त्या, फुलं, खीरदान, बाबासाहेबांच्या फोटोला हार, हे नवं कर्मकांडच आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. विहाराचं मंदिर होऊ शकतं आणि काही ठिकाणी झालंही आहे. पण श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक मेणबत्ती आहे की नाही यावरून ठरत नाही. प्रश्न विचारता येतो की नाही यावरून तो ठरतो. आजी रोज जी धम्मवंदना म्हणते तीत ‘एहिपस्सिको’ हा शब्द आहे. ये आणि पाहा, म्हणजे स्वतः तपासून घे. आपल्यातल्या अनेकांनी तो शब्द पाठ केला, आजीने वापरला.

एका वर्षावासात बाहेरून आलेले एक भन्ते प्रवचनात म्हणाले की मागच्या जन्मी दान केलं नाही म्हणून या जन्मी गरिबी येते. सगळे ऐकत होते. आजीने हात वर केला आणि विचारलं, “भन्तेजी, मंग आमी मागच्या जल्मी पाप केलं म्हणून आमाले पाणी देत नव्हते काय?” विहार शांत झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हा विचार नाकारलेला आहे, आणि नेमका तो भाग आजीने वाचनात ऐकला होता, एकदा नव्हे, दरवर्षी. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखीच फुलं वाहिली, नेहमीसारखीच वंदना म्हटली आणि भन्तेंना भोजनदानही दिलं. जो हात फुलं वाहतो तोच हात प्रश्नासाठी वर होतो, अशी ही श्रद्धा आहे. तिला कर्मकांड म्हणण्याआधी आपण शेवटचा प्रश्न विहारात कधी विचारला होता, हे प्रत्येकाने आठवून पाहावं.

15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेब माणसाच्या उत्साहाबद्दल बोलले. माणसाला नुसतं पोट नाही, मनही आहे. धर्माची गरज गरिबाला अधिक असते, कारण तो आशेवर जगतो, आणि आशा गेली की जगणं कसं होणार, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. लाखोंच्या दीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी उत्साह हा विषय घेतला, याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

त्याआधी, जुलै 1942 मध्ये, याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत घटस्फोटाचा अधिकार आणि बहुपत्नीत्वावर बंदी यांबरोबरच गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांना पगारी रजा आणि पेन्शन मिळावी, असेही ठराव झाले. रजा म्हणजे काय? स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या माणसांत, काम न करता बसण्याचा हक्क. आपल्या बायांनी स्वातंत्र्याच्याही आधी विश्रांती मागितली होती आणि ती मागणी राजकीय होती. त्यांना सणाचा दिवस स्वतःचा हवा होता.

कोणी म्हणेल, गावागावांत अत्याचार होत असताना आजीच्या सीताफळांचं कौतुक कसलं? हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आनंद आणि समाधान यांत गल्लत करू नये. आजी आनंदी आहे, पण समाधानी नाही. ग्रामसभेची दवंडी झाली की ती जाते. शेजारच्या तालुक्यात आपल्या पोराला मारहाण झाली तेव्हा गावातून निघालेल्या बायांत ती होती आणि परत आल्यावर रात्री झेंडूला पाणी घालायला विसरली नाही. ज्याला जगण्याची चव माहीत आहे त्यालाच काय हिरावलं जातंय ते नीट कळतं. ज्याच्या वाट्याला फक्त राग आहे तो कार्यकर्ता दोन वर्षांत थकतो किंवा विकला जातो. आपण दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

मात्र हा आनंद आपोआप टिकणार नाही, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. आमच्या विहारात ग्रंथवाचन करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मागच्या वर्षावासात एक दिवसाआड वाचन झालं, शेवटच्या महिन्यात तर आठवड्यातून दोनदाच. आजी साक्षरतेच्या वर्गात थोडं वाचायला शिकली, पण ग्रंथाची बारीक अक्षरं आता तिला दिसत नाहीत. ती आणि आणखी पाच-सहा बाया वेळेवर येऊन बसत, वंदना म्हणत आणि वाचणारं कोणी नाही म्हणून उठून घरी जात. दसऱ्याला मात्र आजी नागपूरला गेलीच. दीक्षाभूमीवरच्या दुकानांतून दरवर्षीप्रमाणे एक पुस्तक आणलं. ते आता पेटीवर ठेवलेलं आहे, पणती वाचायला शिकेल तेव्हासाठी.

पाच वर्षांच्या मुलीवर एवढी मोठी जबाबदारी टाकून आपण मोकळे होणार आहोत का? आपण समाजमाध्यमांवर तासन्तास वाद घालतो, बुद्ध की मार्क्स यावर रात्री जागवतो, आणि आपल्याच वस्तीच्या विहारात ग्रंथ बंद राहतो. आजीने भन्तेंना प्रश्न विचारला, कारण कोणीतरी तिला ते पान वाचून दाखवलं होतं. ते वाचन थांबलं तर पुढच्या आजीकडे फक्त मेणबत्ती उरेल, आणि मग तुमचा कर्मकांडाचा आक्षेप खरा ठरेल. तो खरा ठरवणारे आपणच असू.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना माझं सांगणं सोपं आहे. येत्या आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या विहाराला द्या. शहरात असाल तर शहरातल्या विहारात जा, सुट्टीत गावी गेलात तर गावच्या. चार पानं मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर लगेच उठू नका, थोडं थांबा. भिंतीजवळ बसलेली एखादी म्हातारी हात वर करेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता येईलच असं नाही, पण तो ऐकायला तुम्ही तिथे असलं पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!