त्या रात्रीचं जेवण

हान्स कास्टॉर्प हा हॅम्बुर्गचा साधासुधा तरुण इंजिनिअर. दावोसच्या बर्गहोफ सॅनेटोरियममध्ये नात्यातल्या भावाला भेटायला तो तीन आठवड्यांसाठी जातो आणि सात वर्षं राहतो. थॉमस मान यांची ही कादंबरी, ‘डेर त्साउबरबेर्ग’, १९२४ची. हान्स चढतो डोंगर, पण पोचतो पाताळात. तिथल्या डॉक्टरांना सेतेम्ब्रिनी हा तिथलाच एक रुग्ण पहिल्याच भेटीत मिनोस आणि ऱ्हाडामँथस म्हणतो, म्हणजे ग्रीक पुराणांतले मृतांचे न्यायाधीश.

पाताळाची दुसरी वाट मनाच्या तळाशी जाते. एकटाच फिरायला गेलेल्या हान्सचा घोळणा फुटतो. बाकावर आडवं पडल्यावर त्याला शाळेचं पटांगण दिसतं, आणि ज्याच्याकडून एकदा पेन्सिल मागून घेतली होती तो हिप्पे. बर्गहोफमधल्याच क्लाव्दिया शोशा या रुग्ण स्त्रीच्या डोळ्यांनी आपण का बेचैन होतो, हे त्याला तेव्हा उमगतं: ते डोळे हिप्पेचे. पुढे कार्निव्हलच्या रात्री तो तिच्याकडेही पेन्सिलच मागतो. दडपलेलं प्रेम आजाराचं सोंग घेऊन परततं, असं तिथले डॉक्टर क्रोकोव्स्की व्याख्यानांत सांगत असतात. पेन्सिलीत ते जितकं पटतं, तितकं त्यांच्या व्याख्यानांत मला पटत नाही.

आणि मग ‘हिम’ हे प्रकरण. स्कीवरून गेलेला हान्स वादळात सापडतो, एका झोपडीच्या भिंतीला टेकतो आणि स्वप्न पाहतो. उन्हात न्हालेला समुद्रकिनारा, एकमेकांशी अदबीनं वागणारी देखणी माणसं; त्यांच्या मागे देवळात दोन म्हाताऱ्या एका मुलाला फाडून खात आहेत. कधीच न पाहिलेलं हे सारं त्याला ओळखीचं वाटतं. आपण फक्त स्वतःच्या जिवातून स्वप्न पाहत नाही, सगळे मिळून पाहतो, असं त्याच्या मनात येतं. सामूहिक अबोध मनाची कल्पना मांडणाऱ्या युंगच्या वाचकाला इथे घरी आल्यासारखं वाटावं. चांगुलपणासाठी, प्रेमासाठी मृत्यूला आपल्या विचारांवर राज्य करू द्यायचं नाही, असं हान्स ठरवतो. मान यांनी ते वाक्य मुद्दाम वेगळ्या ठशात छापलं.

त्याच रात्री हान्स भरपेट जेवतो आणि स्वप्न विरू लागतं. काय सुचलं होतं, तेही त्याला नीटसं कळेनासं होतं.

पाताळात उतरलेला नायक वरदान घेऊन परततो, असा आराखडा जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये मांडला. हान्स १९१४ साली सपाटीवर उतरतो तो सैनिक म्हणून, चिखलात, शूबर्टचं गाणं पुटपुटत. त्याला त्या आराखड्यात बसवायचं तर ते जेवण वगळावं लागतं. मला ते वगळवत नाही. इतकं खोल पाहूनही माणूस विसरतो, हे मान यांना ठाऊक होतं, आणि तरी हान्सवरची त्यांची माया आटली नाही.