रेस सोडा, सायकल सोडू नका

डॉक्टरांनी सायकलच सोडायला सांगितली असती तर बरं झालं असतं, असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. सायकल विकली असती, शूज कुणा होतकरू पोराला दिले असते, चार दिवस तोंड पाडून बसलो असतो आणि विषय मिटला असता. पण ते म्हणाले, "रेस बंद. सायकल चालवा, पण जोर लावायचा नाही." मी मान डोलावून बाहेर आलो. जोर न लावता सायकल कशी चालवतात, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मी पन्नाशी ओलांडलेला, मिरजेत राहणारा साधा नोकरदार. माझ्या रेस म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कोल्हापूर, सातारा, पुणे, बेळगाव, जिथे चाळिशीपुढच्यांचा गट असेल तिथे जायचं, पाठीवर नंबर लावायचा आणि आपल्याच वयाच्या माणसांना मागे टाकायला जीव काढायचा. त्यासाठी वर्षभर पहाटे उठायचं. म्हैसाळवरून कागवाडपर्यंत जाऊन यायचं, हा सपाटीचा सराव. चढाला दंडोबा. पंढरपूर रस्त्याने भोसे गाठायचं आणि डोंगराला लागायचं.

दंडोबाच्या चढावरच ते झालं. नाडी मोजायला छातीला बांधलेल्या पट्ट्याचा आकडा तिथे १६५ च्या आसपास असतो. तो एकदम २१० वर गेला. पट्टा कोरडा पडला की भलतेच आकडे दाखवतो, हे सगळ्या सायकलवाल्यांना माहीत आहे. पण पट्टा कोरडा पडला म्हणून पायातली ताकद जात नाही. छातीत कळ नाही, हाताला मुंग्या नाहीत, फक्त पाय संपले. उतरून कडेला बसलो. सोबतचा म्हणाला, "काय रं, खाऊन आला न्हाईस काय?" मनगट धरून बघितलं. तबल्याचा ठेका ऐकू यावा आणि समच सापडू नये, तशी नाडी पडत होती. काही वेळाने ती आपोआप ताळ्यावर आली आणि मी सायकल चालवतच घरी आलो.

मिरजेत दवाखाना शोधावा लागत नाही. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, १९६२ मध्ये मेडिकल कॉलेज आलं, आणि आता तर गल्लोगल्ली पाट्या आहेत. कर्नाटकातून, सोलापूरकडून रेल्वेने पेशंट येतात. जेवणाचे डबे, चादरी आणि रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन बसलेली ही माणसं मी जन्मभर बघत आलो. त्यांच्या बाकावर केसपेपर घेऊन बसायची वेळ पहिल्यांदा आली. शेजारच्या विजापूरकडच्या आजोबांनी विचारलं, "तुम्हाला काय होतंय?" मी म्हणालो, "सायकलवर चढ चढताना छाती धडधडते." ते म्हणाले, "मग गाडी घ्या की!"

ईसीजी स्वच्छ आला. इथे पहिला धक्का बसला: धडधड चालू असताना काढलेला ईसीजीच खरं बोलतो, थांबल्यावर काढलेला कागद काही दाखवेलच असं नाही. टूडी एकोमध्ये हृदयाचा वरचा डावा कप्पा थोडा मोठा दिसला. मग छातीवर वायरी चिकटवून २४ तास ईसीजी टिपणारा होल्टर लावला. "घरी झोपून राहू नका, थोडं चाला-फिरा," असं सांगितलं होतं. संध्याकाळी जिने चढताना त्याच्यात ते सापडलं.

एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर लोक त्याला 'ए-फिब' म्हणतात. वरच्या दोन कप्प्यांनी एका दमात आकसायचं असतं. ते न करता ते नुसते थरथरतात. तिथले विजेचे संदेश सैरभैर होतात, खालचे कप्पे वाटेल तसे ठोके देतात आणि प्रत्येक ठोक्यात पुरेसं रक्त बाहेर पडत नाही. म्हणून पाय संपले. खरी भीती वेगळीच. डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी देतात, पण सरसकट नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी कधी झटका आला होता का, असे गुण मांडतात. माझे शून्य आले. आयुष्यात पहिल्यांदा शून्य गुण मिळाल्याबद्दल डॉक्टरांनी अभिनंदन केलं.

नाडी धीमी करायची नेहमीची गोळीही सरळ देता येईना, कारण विश्रांतीतली माझी नाडी आधीच ४६. वर्षानुवर्षं ज्या आकड्याची मी मित्रांत फुशारकी मारली, तोच आकडा आता आडवा आला. मग अब्लेशनची चर्चा झाली: जांघेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत न्यायच्या आणि फुफ्फुसाकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी डाग देऊन चुकार संदेश अडवायचे. मी लगेच विचारलं, "ते केलं की रेस करता येईल?" डॉक्टर म्हणाले, "ज्या भारानं हा कप्पा ताणला असावा, तोच भार त्याला परत द्यायचाय का? आधी काही महिने भार काढून बघू."

इथे मी पुरता गोंधळलो. व्यायामाने हृदय बळकट होतं, हे शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. मग वाचायला लागलो. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत असते. तिच्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच शर्यत पूर्ण करणाऱ्यांपेक्षा पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के अधिक होतं. म्हणजे रोज तासभर फिरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. प्रश्न आमच्यासारख्या वर्षानुवर्षं रेटणाऱ्यांचा आहे. अमेरिकेतले सायकल बांधणारे आणि त्यावर लिहिणारे लेनर्ड झिन यांनाही लयबिघाडापायी रेस सोडावी लागली. 'द हेवायर हार्ट' हे त्यांचं सहलेखकांसोबतचं पुस्तक २०१७ चं. इटलीचा सायकलपटू सोनी कोलब्रेली याची गोष्ट याहून कठीण. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने पॅरिस-रूबे ही सायकल शर्यत जिंकली. मार्च २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका शर्यतीत टप्प्याच्या शेवटी तो कोसळला, हृदय थांबलं, तिथेच ते पुन्हा चालू केलं गेलं. शरीरात झटका देणारं यंत्र बसवलं आणि त्याच वर्षी, ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली.

त्याच्यापुढे माझं दुखणं किरकोळ आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. गुडघा गेला असता तर दुखून दुखून त्यानेच मला थांबवलं असतं. हे दुखतच नाही. सकाळी पाय ताजे असतात, वारा मागून असतो, आणि थांबायचं ते एका कागदावरच्या रेघांवर विश्वास ठेवून. एकदा रेस सोडली असं होत नाही. कुणी शेजारून पुढे गेला की दर वेळी नव्याने सोडावी लागते. परवा आरगच्या रस्त्यावर कॅन लावलेला दूधवाला जुन्या सायकलवरून मला मागे टाकून गेला. "चला की मालक!" असंही वर म्हणाला. माझा हात गियरवर गेला. तो मागे घ्यायला जेवढी ताकद लागली तेवढी दंडोबालाही लागत नाही.

डॉक्टरांनी दिलेलं माप साधं आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पण माझ्या शेजारी कुणी नसतंच. आमचा ग्रुप बोलायला थांबत नाही. मग बायकोने तोड काढली. ती म्हणाली, "अहो, फोन कानाला लावा आणि माझ्याशी बोला. तुमचा आवाज तुटला की मी सांगते." तेव्हापासून इयरफोन लावून आम्ही भाजीपासून वीजबिलापर्यंत बोलतो. इतकं बोलणं आमच्यात लग्नानंतर पहिल्यांदाच होत असावं.

आमच्या भागात पैलवानाने कुस्ती सोडली तर तो वस्ताद होतो. आखाड्याच्या कडेला त्याची जागा ठरलेली असते, पोरं पाया पडतात. सायकलवाल्याने रेस सोडली तर त्याला जागा नाही. तो नुसता मागे राहतो. म्हणून मी माझी सोय केली आहे. ग्रुपच्या आधी अर्धा तास निघतो. म्हैसाळच्या अलीकडे ते मला गाठतात, ओरडत पुढे जातात आणि चहाच्या टपरीवर थांबतात. पोरांपैकी कुणी विचारलं, "काका, रेस का सोडली?" तर सरळ सांगतो. एकाला छातीत असंच काही झालं होतं. त्याला म्हटलं, चालू असतानाच ईसीजी काढून घे, तू फिट आहेस म्हणून थांबू नकोस.

पुढचा होल्टर अजून व्हायचा आहे. तो स्वच्छ आला तर मी पुन्हा रेसचं विचारणार आणि डॉक्टर पुन्हा नाही म्हणणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी मी विचारणार.