कोल्हटकरांचे पुनर्वाचन

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव मला प्रथम परिचित झाले ते महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून. आणि त्या गीतामुळे त्यांच्याविषयी जो आदर बालपणी मनात रुजला होता, तो महाविद्यालयात त्यांची नाटके वाचावयास घेताच ओसरू लागला. १८९६ साली किर्लोस्कर मंडळींनी ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले आणि पुराणकथांच्या आधारावाचून केवळ कल्पनेने रचलेले कथानक संगीत नाटकात स्थिरावू लागले, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मला मान्य होते. परंतु प्रत्यक्ष संहिता वाचताना, दुःखाने व्याकूळ झालेली पात्रेसुद्धा कोटी साधण्याची संधी दवडीत नाहीत, हे पाहून मन विटे. ज्याला रडता रडता शब्दाचे दोन अर्थ सुचतात त्याचा शोक मला खरा वाटेना. नाटकांविषयीचे हे मत मी आजही सोडलेले नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी धानोऱ्यास आलो. गुजरातची सरहद्द जवळ, अहिराणी, भिली आणि गुजराती या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडणाऱ्या, आणि नंदुरबारकडे जावे तर हंगामात पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचा ठसका दुरूनच यावा, असा हा मुलूख. त्या नंदुरबारच्या एका ग्रंथालयात ‘सुदाम्याचे पोहे’ हाती लागले. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘साक्षीदार’ हा लेख प्रसिद्ध झाला, तेथून या लेखमालेचा आरंभ. १९१० मध्ये त्यांतील अठरा लेखांचे पुस्तक निघाले आणि पुढे ती संख्या बत्तीसपर्यंत गेली. अर्धी गोष्ट आणि अर्धा निबंध असे त्यांचे रूप आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी मी प्रथम काहीशा नाखुषीनेच भेटीस घेतली, हे खरे. पण दिवेलागण झाली तरी पुस्तक मिटवेना.

याचे कारण शोधीत असता मला असे दिसले की, नाटकातील कोटी आणि येथील कोटी यांची घडण एकच असली, तरी त्यांचे कार्य अगदी भिन्न आहे. नाटकात ती भावनेच्या वाटेत आडवी येते. येथे मात्र ज्या रूढीवर प्रहार करावयाचा, त्या रूढीचे समर्थनच मुळी शब्दांच्या ओढाताणीवर उभे असते. वचनाचा सोईस्कर अर्थ लावणे, ध्वनिसाम्याला प्रमाण मानणे, एका पदाचा विग्रह करून साऱ्या आचाराचा निर्णय देणे, ही आमच्या धर्मचर्चेची जुनी रीत. कोल्हटकर तिच्याशी वाद घालीत बसत नाहीत, तर सुदाम्याच्या भाबड्या निष्ठेने तिला तिच्या शेवटच्या टोकापर्यंत चालवितात, आणि तेथे ती आपल्याच भाराने कोसळते. श्लेष हा येथे अलंकार नसून उलटतपासणी आहे.

उलटतपासणी हा शब्द मी जाणून वापरला. खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वऱ्हाडातील कज्जेदलाली जवळून पाहणाऱ्या या वकिलाने फिर्याद, कैफियत, जबानी यांत शब्द कसे वाकविले जातात हे प्रत्यक्ष अनुभविले असले पाहिजे. गावातल्या एका वृद्ध खातेदाराबरोबर मी एकदा कचेरीत गेलो होतो. कब्जा कोणाचा आणि वहिवाट कोणाची, यावर दोन अर्जनवीस तावातावाने भांडत होते आणि त्यांच्या शब्दांवर त्या माणसाचे शेत अवलंबून होते. शब्दनिष्ठ विनोद हा हलका प्रकार आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावयास हवा होता.

गडकऱ्यांनी कोल्हटकरांना गुरू मानले आणि ‘बाळकराम’ या नावाने तोच वारसा अधिक भरधाव चालविला. शिष्याचा विनोद वाचकास आपल्याबरोबर वाहून नेतो. गुरूचा विनोद त्याला थांबून विचार करावयास लावतो, म्हणून त्याचे चाहते थोडे. शिष्य १९१९ साली, ऐन तारुण्यात गेला. गुरू १९३४ पर्यंत होते.

एक अडचण मात्र मला जाणवते. ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील पुष्कळसे विषय ब्राह्मणी घरातल्या व्रतवैकल्यांचे आहेत. ‘श्रावणी’ हा लेख वर्गात वाचला, तेव्हा भिल्ल व गुजर घरांतून आलेल्या मुलांना तो विधी आधी समजावून द्यावा लागला आणि विनोद त्या स्पष्टीकरणात हरवला. ‘चोरांचे संमेलन’ वाचले तेव्हा काहीही सांगावे लागले नाही, कारण सभेचा थाट आणि वक्त्यांचा आव त्यांनी ग्रामसभेत पाहिलेला होता. या लेखांचा अर्क आजही ताजा आहे, परंतु त्याच्याभोवतीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या चालीरीती मुलांना अनोळखी झाल्या आहेत. म्हणून ‘गणेशचतुर्थी’पासून आरंभ करून एकेका लेखावर साध्या भाषेतील टिपा लिहावयास मी बसलो आहे, आणि पुढचा पाठ ‘साक्षीदारा’चा घ्यावा असा मानस आहे.