पाठीमागचे कौतुक

आमच्याकडच्या बापांचा एक दंडक असे. मुलांचे कौतुक करायचे, पण ते त्यांच्या पाठीमागे! माझे वडील सोलापुरातल्या एका कापडगिरणीत होते. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, “गणितात इतके कमी कसे?” त्याच दिवशी त्यांनी साऱ्या खात्याला पेढे वाटले होते, हे मला त्यांच्या तेराव्याला आलेल्या एका जुन्या जॉबरकडून कळले.

तोच वसा मी पुढे चालवला. थोरला पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचे ठीक चालले आहे. त्याच्या फ्लॅटचे क्षेत्रफळ मी शेजाऱ्यांना नको तितक्या वेळा सांगितले आहे, हे कबूल करतो. अडले ते धाकटीपाशी. डॉक्टर झाली आणि भामरागडकडच्या सरकारी आरोग्यकेंद्रात जायचे ठरवूनच घरी आली. “आमट्यांचे हेमलकसा तिकडेच ना?” हिने कौतुकाने विचारले. मी म्हणालो, “सोलापुरात रोगी संपले वाटते!”

मग अबोला. ती निघाली तेव्हा मी स्टेशनवर गेलो नाही. गुडघे दुखत होते असे सांगितले. त्याच गुडघ्यांनी भैय्या चौकापर्यंत चालत गेलो.

तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे स्मारक आहे. हजार वेळा त्यावरून गेलो असेन. आत त्या दिवशी शिरलो. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यांत हा आपला सत्तावीस वर्षांचा सोलापूरकर. आई कष्टी झाली, पण वडिलांनी उत्तेजन दिले, असे त्यांच्या बहिणीने पुढे सांगितलेले आहे. हे मी पूर्वीही वाचले होते. त्या दिवशी मात्र मी त्या बापाशी मनातल्या मनात भांडलो. अहो शांतारामपंत, तिकडे लढाई चालली होती!

मुलगा चीनमध्ये असतानाच शांतारामपंत वारले. मुलगा परतला नाही, कामावरच राहिला. १९४१ मध्ये तो बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख झाला, त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्याचे लग्न झाले. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. म्हणजे भारत आणि चीन. डिसेंबरच्या ९ तारखेला डॉक्टर गेले. वय बत्तीस. पुढे दोन्ही देशांनी त्यांची तिकिटे काढली. बापाने यातले काहीच पाहिले नाही. त्याच्या वाट्याला आले ते फक्त ‘जा’ म्हणणे. आणि मला तेवढेही जमले नव्हते!

बाहेर पडताना दारावरच्या माणसाला मी उगीचच म्हणालो, “आमची मुलगीही डॉक्टर आहे. भामरागडला असते.” ती त्या वेळी फार तर कुर्डुवाडीपर्यंत पोचली असेल.

आठ दिवसांनी पार्सल केले. शेंगाचटणी, कडक भाकरी, एक चादर, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीला तीन कागद फाडावे लागले. पुढल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिकडे रेंज मिळण्याची मारामार, आवाज तुटत होता.

“अप्पा, चिठ्ठीतली शेवटची ओळ कोणाची?”

“तुझ्या आईने सांगितली, मी लिहिली.”

पलीकडून हसू आले की फोन खरखरला, नीट कळले नाही. मी विचारले, “चादर पुरते का? तिकडे थंडी फार असेल.”