रिकामा रकाना

१ ऑक्टोबर
पाचवीचा पट तेरा. तेराही हजर. मूळ संख्या घेतल्या, मैदानात. आपला हजेरी क्रमांक, एक सोडून, दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात येत असेल तर खाली बसायचं. चार, सहा, आठ, नऊ, दहा, बारा बसले. एक नंबर घुटमळला. "सर, मी?" म्हटलं, तू मूळ नाहीस, संयुक्तही नाहीस. तो लिंबाला टेकून उभा राहिला.

आता दोनचा फरक असेल त्याचा हात धरा. तीन-पाच. पाच-सात. अकरा-तेरा. पाच नंबरचे दोन्ही हात गुंतले. नाकावर माशी बसली तरी सोडेना. दोन नंबर एकटीच. शेजारी तीन आहे, पण फरक एकचा. रुसली.

व्याख्या नंतर वहीत. दोनचा फरक असलेल्या दोन मूळ संख्या म्हणजे जोडमूळ संख्या.

३ ऑक्टोबर
अकरा नंबरचा प्रश्न. दोन्ही हात धरलेला पाचसारखा पुढं कोण आहे? म्हटलं, शोध.

४ ऑक्टोबर
"कुणीच नाही, सर. तिघं लागतात ना. त्यातलं एक तीनच्या पाढ्यात जातंयच." ११, १३, १५. १७, १९, २१. २९, ३१, ३३. पानभर लिहून आणलेलं. पाठीमागची तिघं पण घेतली होती: ९, ११, १३.

मला हे डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

७ ऑक्टोबर
एराटोस्थेनिसची चाळणी. शंभरापर्यंतचा तक्ता. दोन, तीन, पाच, सातच्या पटी खोडल्या. उरल्या पंचवीस. जोड्या आठ. ९१ नेहमीप्रमाणे चार जणांनी ठेवली. तेरा साते.

९ ऑक्टोबर
युक्ती सांगितली. ३-५ सोडली तर जोडीच्या मधली संख्या सहाच्या पाढ्यातली असते. ६, १२, १८, ३०, ४२. उलट धरून चालत नाही. २४ च्या एका अंगाला २३, दुसऱ्या अंगाला २५.

१० ऑक्टोबर
अकरा नंबरने हजारापर्यंत करायला घेतलंय. शंभराला एक रकाना. मी सांगितलं नव्हतं. खिचडीच्या सुट्टीतही वही मांडीवर.

१५ ऑक्टोबर
तिची वही तपासली. पहिल्या रकान्यात ८, मग ७, ४, २, ३. पाचशेत २. सहाशेत ३. ५९९-६०१ बरोबर रेघेवर लिहिलंय, अर्धं इकडं, अर्धं तिकडं. सातशेचा रकाना कोरा. आठशेत एकदम पाच. नऊशे व्हायचेत.

मध्येच कोरा कसा राहील? "कंटाळा केलास. परत कर." काही बोलली नाही.

१६ ऑक्टोबर
सातशेच्या रकान्यात ७९७-७९९. लाल पेनाने बरोबरची खूण केली. तीन, सात, अकरा, तेराने भागून पाहिलं होतं.

२५ ऑक्टोबर
वह्या कपाटात ठेवल्या. उद्यापासून दिवाळीची सुट्टी. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून झाले.

१२ नोव्हेंबर
शाळा सुरू. हजर सात.

टोळ्या गेल्या ऊसतोडीला. दोघा-तिघांना हंगामी वसतिगृहात ठेवता आलं. अकरा नंबरला नाही. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आईबाप फडात उतरले की कोपीवर त्याला कोण बघणार?

१३ नोव्हेंबर
तेरा नंबर: "सर, अकरा नाही तर मी जोडमूळ नाही का?"
म्हटलं, पटावर आहे अजून.

२० नोव्हेंबर
तेरा नंबरने विचारलं, शेवटची जोडी कोणती? म्हटलं, शेवटची आहे की नाही तेच कुणाला ठाऊक नाही. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने दाखवलं. जोड्यांचं कुणी दाखवलेलं नाही.
"दोन हजार वर्षं झाली की, सर."

२८ नोव्हेंबर
सरावाला फळ्यावर लिहिलं: ७९७, ७९९ जोडमूळ आहेत का? उत्तर 'हो' धरूनच. तेरा नंबर मान वर न करता म्हणाला, "सर, सतरा जातंय."

१७ × ४७. दोनदा केलं.

अठ्ठावीसचा वर्ग ७८४. म्हणजे तेवीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला हवं होतं. मी तेरावर थांबलो.

रात्री
सातशे ते आठशे पूर्ण केलं. मूळ संख्या चौदा. जोडी एकही नाही. ६५९-६६१ नंतर थेट ८०९-८११.

२९ नोव्हेंबर
कपाटातून तिची वही काढली. शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात, पेन्सिलने, बारीक: १७ × ४७ = ७९९.

पान तसंच उघडं ठेवून बसलो. मधली सुट्टी संपली.

२ डिसेंबर
झोप नाही. मोबाइलवर वाचत पडलो. टॉमस नाइसली, अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक. १९९४ साली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज संगणकावर करत होते. उत्तर जुळेना. ८,२४,६३,३७,०२,४४१ आणि तिची जोडीदार ४४३ वाली, इथं घोळ. चूक निघाली पेंटियम चिपच्या भागाकारात. इंटेलने त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

चिपला दोष देण्याआधी त्यांनी बाकी सगळं तपासलं. जून ते ऑक्टोबर. मी खूण करायला दोन मिनिटं घेतली.

११ डिसेंबर
मुकादमाच्या फोनवर तिचे वडील. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "गुरुजी, परीक्षेपुरती आणली असती, पण उचल घेतलीया. गाडी भरायची हाय." ती कोपीवर. बोलणं झालं नाही.

१ जानेवारी
तेरा नंबरने सालं तपासली. २०२७ आणि २०२९ जोडमूळ. त्याआधीची जोडी १९९७-१९९९.

६ जानेवारी
मुलांना इटांग झांगची गोष्ट सांगितली. डॉक्टरेट असून सँडविचच्या दुकानात हिशेब लिहायचे. पुढे विद्यापीठात शिकवू लागले. २०१३ साली, पन्नाशी उलटल्यावर, दाखवून दिलं की ७ कोटींहून कमी फरकाच्या मूळ संख्यांच्या जोड्या कधीच संपत नाहीत. दुसऱ्या वर्षी इतरांनी तो फरक २४६ वर आणला. दोनवर अजून कुणी आणलेला नाही.

सात नंबर म्हणाली, "मग मधी सात कोटी कोरं?" म्हटलं, त्याहून जास्तही असतं. कुठंकुठं.

१५ जानेवारी
तेरा नंबरचा मामा त्याच कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. संक्रांतीला आला होता. त्याच्याबरोबर वही पाठवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ७९७-७९९ वर लाल रेघ. माझ्या खुणेवरही. बाजूला लिहिलं: 'कोरा होता तेच बरोबर होतं. मी तपासलं नव्हतं.' खाली सही केली.

नऊशेबद्दल काही लिहिलं नाही.

९ फेब्रुवारी
शिष्यवृत्ती. सहा जण बसले. अकरा नंबरचं हॉल तिकीट खिशात होतं. घरी आल्यावर सापडलं.

२७ फेब्रुवारी
काही निरोप नाही.

२१ मार्च
कारखान्याचा पट्टा पडला म्हणतात. गावात दोन ट्रॅक्टर आले. भांडी, बाजा, कोंबड्या.

२४ मार्च
आली. उंची वाढलीय. हातांवर पाचटाचे ओरखडे, काही जुने, काही ताजे. भाऊ कडेवर. त्याला वर्गात बसू दिलं. खडू खातो.

तेरा नंबरने सरकून जागा केली.

वही दिली. पिशवी तीच. पुठ्ठ्याला मळीचा वास. ७९७-७९९ रबराने खोडलंय, माझी लाल रेघ तेवढी उरलीय. नऊशेचा रकाना कोरा. तळाशी पेन्सिलने: 'बघितलं. नाहीत.'

मी वाचत असताना ती खिडकीबाहेर बघत होती.

रात्री
नऊशे तपासायला बसलो. या वेळी एकतीसपर्यंत. ९११ ला वाटलं सापडली. ९१३ ला अकरा जातं, अकरा त्र्याऐंशी. ९४१ च्या पुढची ९४३, तेवीस एक्केचाळीस. ९९१ च्या आधीची ९८९, तेवीस त्रेचाळीस. लाइट गेली, मेणबत्ती लावली. ९९७ पर्यंत गेलो.

नाहीत.

कोऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली.