भिवंडीतील चार दिवस आणि वाचनाची मजुरी

गेल्या वैशाखात पुतण्याच्या आग्रहावरून भिवंडीस चार दिवस राहण्याचा योग आला. कल्याणास उतरून दुर्गाडीची खाडी ओलांडली, तो गोदामे दिसू लागली. आणि गावात शिरताच मागांचा खडखडाट कानी पडला. कामवारी नदीकाठचे हे गाव जुने. परंतु आज त्याची ओळख यंत्रमागांचीच. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा नाना भाषा येथे बोलल्या जातात.

पुतण्याच्या घरी एक नवा उपक्रम चालू होता. सुटीत मुलांनी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये बक्षीस! भिंतीवर तसा तक्ताच लाविला होता. नऊ वर्षांच्या धाकट्या नातवाने आमच्यासमक्ष चौदावी फुली मारिली. आम्ही कौतुकाने त्यास जवळ घेऊन त्या पुस्तकातील गोष्ट विचारिली. तो गडबडला. “आजोबा, ते पुस्तक अगदी पातळ होते,” एवढेच म्हणाला. जाड पुस्तके कपाटात जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी एका परिचित गृहस्थांच्या कारखान्यात माग पाहावयास गेलो. धोटा इकडून तिकडे धावत होता. विणकराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते, आणि ते योग्यच. कारण कापड दुसऱ्याच्या अंगावर जाते, विणणाऱ्याच्या हाती मजुरीच उरते. वाचनात मात्र विणणारा तोच आणि पांघरणाराही तोच. त्यास मापाने मजुरी दिली आणि त्याने विरळ विणून माप वाढविले, तर दोष कोणाचा?

ही केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेतील लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांस ‘चित्र काढा, प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधी सांगितले. पुढे बक्षिसाची गोष्ट संपल्यावर ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांस प्रशस्तिपत्र अकल्पित मिळाले, त्यांची आवड मात्र उणावली नाही.

हे लिहिताना मनास टोचणी लागते. शाळेत असताना पाठांतराची बक्षिसे दरवर्षी आम्हीच वाटली. समारंभानंतर ते श्लोक कोणाच्या ओठी राहिले, याचा शोध आम्ही कधी घेतला नाही. मग बक्षीस सर्वथा त्याज्य काय? तसेही म्हणवत नाही. मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती चिंतामणराव देशमुखांनी 1912 साली मिळविली. पुढे अर्थकारणात आयुष्य वेचलेल्या या पुरुषाने मेघदूत मराठीत आणिले. शिष्यवृत्तीने त्यांची गोडी मारिली नाही. परंतु मेघदूत मराठीत आणावयास कोणती शिष्यवृत्ती होती? बक्षीस फार तर दारापर्यंत पोचविते; आत पाऊल ज्याचे त्यानेच टाकावयाचे असते.

तिसऱ्या सायंकाळी वीज गेली. वहिनींची दृष्टी आता अधू झाली आहे. त्या नातवास म्हणाल्या, “बाळ, मला काही वाचून दाखव रे.” त्याने विजेरीच्या उजेडात कपाटातील एक जाड पुस्तक काढिले. वाचताना तो अडखळे, वहिनी शब्द सांगत आणि मध्येच “मग पुढे काय झाले?” म्हणून विचारीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहापूर्वीच स्वारी पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे हजर! ते पुरे व्हावयास आठवडा सहज लागता. तेवढ्यात पातळ पुस्तकांच्या कितीतरी फुल्या पदरात पडल्या असत्या, हे त्याच्या ध्यानी आले की नाही, देव जाणे.

निघताना पुतण्याने आमचे मत विचारिले. आम्ही म्हणालो, “बक्षीस द्यावयाचेच तर पुस्तकच दे, आणि आधी न सांगता दे. पण रोज घटकाभर त्याचे वाचन ऐकावयास कोणीतरी बैस.” तो हसला. तक्ता अजून भिंतीवर आहे, असे त्याच्याकडून कळते. मात्र वहिनींचे ऐकणेही चालू आहे. दोहोंपैकी कोणते टिकेल, हे पाहावयास दिवाळीत पुन्हा भिवंडीस जाण्याचा आमचा मानस आहे.